कोपऱ्यातली खुर्ची

घरात जिथे जिथे कॅमेरा होता, तिथे तिथे त्याने चिकटपट्टी लावली होती. लॅपटॉपवर, टीव्हीवर, बायकोच्या जुन्या फोनवर आणि दाराच्या बेलवरसुद्धा. बेल तर त्याने मुद्दाम कॅमेरावाली आणली होती, आणि आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा डोळा झाकून टाकला होता. त्यामुळे बेल वाजली की सगळे पूर्वीसारखेच आतून "कोण आहे?" म्हणून ओरडत.

हे सगळं बघून मेहुण्याने त्याचं नाव शंकासुर ठेवलं, आणि ते चिकटपट्टीपेक्षा जास्त घट्ट चिकटलं.

शंकासुराला यंत्रांचा राग होता असं मात्र कोणी समजू नये. उलट नवीन काही बाजारात आलं की याचे हात शिवशिवायला लागत. वस्तू घरी आणायची, स्क्रू काढून आत बघायचं, आठवडाभर तिच्या प्रेमात पडायचं आणि मग तिच्यावर पाळत ठेवायची, हा त्याचा शिरस्ता. दिवसभर एका विमा कंपनीतले संगणक सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात 'उघडं झाकण' नावाच्या स्वतःच्या वेबसाइटवर लिहायचा. त्याची मतं ठाम होती. मनगटावरचं घड्याळ तुमची झोप मोजतं म्हणजे तुमची झोप दुसऱ्या कुणाची तरी होते. फुकट मिळणाऱ्या अ‍ॅपला नाही म्हणायला शिका. आपोआप फिरून झाडणारं यंत्र केर काढत नाही, तुमच्या घराचा नकाशा काढतं. दर वर्षी नवा फोन घेणारा माणूस फोनच्या मालकीचा असतो. हे तो अशा सुरात लिहायचा की वाचणाऱ्याने पहिल्यांदा आपल्या फोनकडे आणि नंतर आपल्या बायकोकडे संशयाने बघावं.

घरातल्या वाय-फायचा पासवर्ड त्याने कुणालाही सांगितला नव्हता. बायकोलासुद्धा नाही. पासवर्ड बदलला की हाच प्रत्येकाचा फोन मागून घ्यायचा, पाठमोरा होऊन टाकायचा आणि परत द्यायचा. शिवाय वाय-फायच्या दोन लाइनी होत्या. एक घरच्यांची, एक पाहुण्यांची. पाहुण्यांच्या लाइनीवरून घरातल्या बाकी कुठल्याच यंत्राला हात लावता येत नसे.

गेल्या वर्षी सासरे गेले आणि सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांचा टॅब त्याने पाहुण्यांच्या लाइनीवर टाकला. "वयस्कर माणसं कशावरही बोट ठेवतात," असं त्याने बायकोला कारण सांगितलं. 

सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. लोकांचे दूरगावचे फोन जोडून द्यायचे, लाइन तुटली की पुन्हा जोडायची. आता त्या बाहेरच्या खोलीतल्या कोपऱ्यात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. मांडीवर टॅब. शंकासुर त्यांच्याशी इतका अदबीने वागायचा की कुणालाही जावई असावा तर असा असं वाटावं. "आई, गोळ्या घेतल्यात?" "आई, पंखा कमी करू?" त्या काही म्हणाल्या की हा "बरोबर आहे तुमचं" म्हणायचा आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालायचा. त्या "खिडकीतून आज वारा पूर्वेकडचा येतोय" म्हणाल्या तरी बरोबर, पश्चिमेकडचा म्हणाल्या तरी बरोबर.

त्या इथे कायमच्या राहणार की नाही, ते अजून ठरलं नव्हतं. त्यांची एक मैत्रीण वृद्धनिवासात राहत होती आणि तिथे एक खोली रिकामी झाली होती. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"तिला इथे राहावंसं वाटलं पाहिजे रे," बायको एकदा त्याला स्वयंपाकघरात म्हणाली. "ती तिकडे गेली तर मला आयुष्यभर टोचत राहील."

"त्यांना काय कमी आहे इथे?"

"तेच तर मला कळत नाही."

शंकासुरालाही कळलं नाही, पण तेव्हा त्याच्या डोक्यात वेगळाच भुंगा शिरला होता.

'उघडं झाकण'वर कमेंट करणारे बरेचसे ठरलेले होते. "छान माहिती." "डोळे उघडले, सर." अशात अचानक एक नवं नाव उगवलं, 'कोपऱ्यातली खुर्ची'. झाडणाऱ्या यंत्रावरच्या लेखाखाली या खुर्चीने लिहिलं होतं: "आमच्या घराचा नकाशा कुणाच्या हाती लागला तर त्याला एवढंच कळेल की सोफ्याखाली कुणी झाडत नाही. त्यात चोरण्यासारखं काय आहे?"

शंकासुराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने पानभर उत्तर लिहिलं. खुर्चीने दोन ओळींत ते उडवून लावलं. त्याने पुन्हा लिहिलं. ऑफिसातून घरी येताना तो मनातल्या मनात पुढची वाक्यं जुळवत यायला लागला, आणि जेवताना मध्येच "हां!" म्हणून घास तसाच ठेवून उठायला लागला. खरं सांगायचं तर इतकी मजा त्याला बऱ्याच वर्षांत आली नव्हती. पण मजा येतेय म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे, असं मानणाऱ्यांपैकी तो होता.

मग त्याने बोलणाऱ्या स्पीकरवर लेख लिहिला. हे यंत्र तुमचं सगळं ऐकतं, सावध व्हा, वगैरे. खाली खुर्चीचं उत्तर आलं: "ऐकणाऱ्याची बाजू कधी विचारात घेतली आहे का? मी आयुष्यभर लोकांचं बोलणं ऐकलं आहे. बहुतेक सगळं कंटाळवाणं असतं. ऐकणाराच जांभया देतो."

शंकासुराच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आयुष्यभर लोकांचं बोलणं ऐकलं आहे! हा तर सरळसरळ कबुलीजबाब होता.

दोन दिवसांनी तर कहर झाला. कॅमेरा झाकून ठेवा या त्याच्या जुन्याच उपदेशावर खुर्चीने लिहिलं: "चिकटपट्टीने भागत नाही. ती सुटते. मग माणूस दर थोड्या वेळाने अंगठ्याने दाबत बसतो." हे वाचताना शंकासुराचा अंगठा लॅपटॉपच्या चिकटपट्टीवर होता. त्याने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि खोलीभर नजर फिरवली. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. सासूबाई कोपऱ्यात टॅबवर काहीतरी वाचत होत्या. बाकी कुणीही नव्हतं. म्हणजे जो कोणी बघत होता, तो कुठल्यातरी यंत्रातून बघत होता!

त्याने वेबसाइटच्या नोंदी उघडल्या. कुठलीही कमेंट कुठल्या जोडणीवरून आली त्याचा पत्ता तिथे उमटतो. खुर्चीच्या सगळ्या कमेंट एकाच पत्त्यावरून आल्या होत्या, आणि तो पत्ता शंकासुराच्या स्वतःच्या घराचा होता.

दुसरा कुणी असता तर त्याने मान वर करून घरात कोण कोण आहे ते बघितलं असतं. शंकासुर जाणकार होता. त्याने ओळखलं की एका अट्टल हॅकरने आपलं वाय-फाय फोडलेलं आहे.

त्याचं धाबं दणाणलं आणि छातीही जराशी फुगली. सोम्यागोम्याच्या वाय-फायच्या वाटेला असा माणूस जातो कशाला? त्याने संशयितांवर विचार सुरू केला. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने गच्चीवर अँटेना लावला होता. कॅमेऱ्याच्या दुकानवाल्या मित्राचं एक यंत्र याने लेखात धुऊन काढलं होतं. आणि मेहुणा तर काय, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? आठवडाभर शंकासुर तिघांशीही असा तिरकस बोलला की दुकानवाल्याने शेवटी त्याला बरं वाटत नाहीये का, असं विचारलं.

मग त्याने दोन्ही लाइनींचे पासवर्ड बदलले आणि एकेक यंत्र घेऊन सगळीकडे नवे पासवर्ड घातले. सासूबाईंच्या खोलीतही गेला.

"आई, जरा टॅब द्या. आणि एक मिनिट तिकडे बघा."

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्याने पासवर्ड टाकला, टॅब परत दिला, "झालं" म्हणाला आणि निर्धास्त मनाने निघून गेला. संध्याकाळी खुर्ची हजर! त्याने पासवर्ड पुन्हा बदलला. आणखी अवघड केला. पुन्हा घरभर फिरला, पुन्हा सासूबाईंना भिंतीकडे बघायला लावलं. खुर्ची दुसऱ्या दिवशी सकाळीच आली, आणि म्हणाली की वारंवार कुलूप बदलणाऱ्याने किल्ली कुणाकुणाच्या हातात देतो तेही आठवून बघावं. हे वाचून शंकासुर घामाघूम झाला. भामट्याला पासवर्ड बदललेलासुद्धा कळत होता!

शेवटी त्याने गळ टाकायचं ठरवलं. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, त्याने खुर्चीला वेगळा खासगी निरोप पाठवला. "तुम्हाला नेमकं काय हवं आहे?"

उत्तर यायला थोडा वेळ लागला. "हवं काहीच नाही. सध्या माझा मुक्काम ज्या घरात आहे, तिथली माणसं फार चांगली आहेत. हवं-नको विचारतात, औषधं आणून देतात. पण माझ्याशी कुणी वाद घालत नाही. मी काहीही म्हटलं तरी बरोबर म्हणतात. अशाने हळूहळू आपण घरात असून नसल्यासारखे होतो. तुम्ही मात्र वाद घालता. तेवढ्यासाठीच हे सगळं."

शंकासुराने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याने हातातला घास डब्यात ठेवला. पण लगेच तो सावरला. अशा प्रकारांवर त्याने स्वतःच लेख लिहिले होते. आधी एकटेपणाची रडकथा, मग सहानुभूती, मग ओळख आणि ओळख पक्की झाली की एखादी लिंक, जिच्यावर बोट ठेवलं की सगळं गेलं. त्याने लिहिलं: "ही पद्धत जुनी झाली. एकटेपणाचं सोंग करून माणसांना जाळ्यात ओढणारे भामटे मी रोज बघतो. तुम्ही माझ्याच घरात शिरून बसला आहात हे मला कळलेलं आहे. मुकाट्याने चालते व्हा."

पाठवून झाल्यावर त्याला फार बरं वाटलं. डबा त्याने चवीने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी ठरवलंय. त्या खोलीला हो म्हणून कळवते. रविवारी जाईन म्हणते."

बायकोच्या हातातली किटली तशीच राहिली. "अगं पण का? काही झालं का? कुणी काही बोललं का तुला?"

"कुणी काही बोलत नाही गं. सगळं छान आहे." आणि मग त्यांनी शंकासुराकडे बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. "तुमची काही हरकत नाही ना, जावईबापू?"

शंकासुर अजून कालच्या विजयाच्या नशेत होता. "तुमची इच्छा, आई," तो अदबीने म्हणाला. "तुम्हाला योग्य वाटतं तेच बरोबर."

सासूबाईंनी मान हलवली आणि कप उचलून आत गेल्या.

त्या दिवशी बायको त्याच्याशी अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली ते असं, "एकदा तरी 'नका जाऊ' म्हणायचं होतंस. खोटं का होईना."

"अगं, त्यांचा निर्णय आहे. मी कोण मध्ये बोलणार?"

"हो ना. तू कोण!"

इकडे खुर्ची गप्प झाली. एक दिवस गेला, दोन गेले, कमेंट नाही. शंकासुराने स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग त्याने बिनतारी हेडफोनवर एक लेख लिहिला, त्यातल्या युक्तिवादात मुद्दाम तीन ठिकाणी कच्चे दुवे सोडले आणि वाट बघत बसला. खाली "छान माहिती" आलं. "डोळे उघडले, सर" आलं. त्याने पान पुन्हापुन्हा ताजं करून बघितलं. शनिवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं की आपल्याला करमत नाहीये, आणि एका भामट्यावाचून आपल्याला करमू नये याची त्याला भयंकर लाज वाटली.

आतल्या खोलीत बायको आईची बॅग भरत होती. शंकासुराला आठवलं की टॅब उद्या घराबाहेर जाणार, आणि टॅबमध्ये घरातल्या वाय-फायचा पासवर्ड साठवलेला आहे. म्हणजे तो वृद्धनिवासात पोचणार, तिथे कुणाच्याही हाती पडणार. पासवर्ड, तोसुद्धा पाहुण्यांच्या लाइनीचा, पण तरी! त्याने बॅगेतून टॅब काढला आणि बाहेर येऊन बसला. सासूबाई खाली पाय मोकळे करायला गेल्या होत्या.

वाय-फाय पुसण्याआधी त्याने सवयीने ब्राउझर उघडला, इतिहास साफ करायला. समोर 'उघडं झाकण' आलं. वर कोपऱ्यात वाचकाचं स्वागत करणारी ओळ होती. ती त्याने स्वतःच बसवली होती, वाचकांना आपुलकी वाटावी म्हणून.

"नमस्कार, कोपऱ्यातली खुर्ची."

शंकासुराने मान वर केली. खिडकीजवळ, कोपऱ्यात, खुर्ची होती. रिकामी. तिच्या पाठीवर सासूबाईंचा स्वेटर होता. तिथे बसलं की बरोबर त्याच्या लॅपटॉपची चिकटपट्टी दिसत होती आणि सोफ्याखालचा केरही.

मग त्याला एकेक करून सगळं आठवायला लागलं. आयुष्यभर लोकांचं बोलणं ऐकलं आहे. औषधं आणून देतात. काहीही म्हटलं तरी बरोबर म्हणतात. आणि मग स्वतःचं उत्तर आठवलं, शब्दन्‌शब्द. माझ्याच घरात शिरून बसला आहात. मुकाट्याने चालते व्हा. त्या खरोखर मुकाट्यानेच निघाल्या होत्या.  त्याला रडू आलं, आणि ते कुणी बघू नये म्हणून त्याने आधी दाराकडे बघितलं. सवय, दुसरं काय.

रविवारी सकाळी बॅग दाराशी येऊन उभी राहिली. सासूबाई साडी नेसून, स्वेटर घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत गाडीची वाट बघत होत्या. बायको डोळे पुसत पाण्याची बाटली भरत होती. शंकासुर टॅब हातात घेऊन समोर येऊन उभा राहिला. माफीची चार वाक्यं त्याने रात्रभर घोकली होती. त्यातलं एकही आठवेना.

"आई," तो म्हणाला, "झाडणाऱ्या यंत्राबद्दल तुमचं म्हणणं साफ चुकीचं आहे."

बायकोच्या हातून बाटलीचं झाकण पडलं. "अरे, काय बोलतोयस तू? निघतेय ती!"

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "कसं काय चुकीचं?"

"नकाशावरून खोल्या किती ते कळतं. खोल्यांवरून माणसं किती ते कळतं. घरात कोण नसतं, कधी नसतं ते कळतं."

"आणि ते कळून कोण येणार आहे? तुमच्या दाराशी उभं राहिलेलं माणूस तुम्हाला दिसत नाही, बेलवर पट्टी आहे. चोराला नकाशा लागतोच कशाला?"

"हा मुद्दा वेगळा!"

"मुद्दा तोच आहे. तुम्हाला पटत नाही एवढंच."

बायको एकदा नवऱ्याकडे, एकदा आईकडे बघत होती. शंकासुर खाली बसला, खुर्चीच्या पायाशीच. "आई, मी तुम्हाला भामटा म्हणालो."

"म्हणालात. आणि चालते व्हा म्हणालात."

"मला माहीत नव्हतं तुम्ही आहात ते."

"मग माझ्याच घरात शिरून बसलात असं कशाला लिहिलंत?"

"मला वाटलं, कुणीतरी वाय-फाय फोडून आत शिरलंय. अट्टल हॅकर."

 सासूबाईंच्या ओठांचे कोपरे हलले. "हॅकर? मी?" त्यांनी लेकीकडे वळून बघितलं. "ऐकलंस का गं? या वयात!" आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना स्वेटरच्या बाहीने डोळे पुसावे लागले. पुसून झालं तरी डोळे ओलेच राहिले.

"नका जाऊ, आई," शंकासुर म्हणाला. "तुमच्याशिवाय मला करमत नाही. खरंच सांगतो. सगळे नुसतं छान म्हणतात."

"सगळे बरोबर म्हणतात तेव्हा कसं वाटतं, ते कळलं ना?"

 त्याने टॅब उघडला, पाहुण्यांची लाइन पुसून टाकली, घरची लाइन निवडली आणि टॅब पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवला. "पासवर्ड मागतोय. तुम्हीच टाका. मी सांगतो."

बायको दोन पावलं पुढे आली. इतक्या वर्षांत तिने घरचा एकही पासवर्ड कधी ऐकला नव्हता.

शंकासुराने घसा खाकरला. एकेक अक्षर सुटं, मोठ्याने, सासूबाईंचं बोट सावकाश पुढे सरकेल तसं सांगत गेला. शेवटी पूर्ण शब्द झाले तेव्हा ते सगळ्या खोलीने ऐकले. कोणावरही विश्वास ठेवू नका.

"हा पासवर्ड आहे?" बायको म्हणाली.

"सगळं सलग," शंकासुर म्हणाला. "मध्ये जागा नाही."

टॅब घरच्या लाइनीवर जोडला गेला. खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. सासूबाई खिडकीतून डोकावल्या आणि त्याला हाताने जा म्हणून खूण केली. "आज येत नाही म्हणून कळवते. त्या खोलीसाठी महिनाअखेरपर्यंत मुदत आहेच," त्या परत बसत म्हणाल्या. "तोवर बघू. पण मी काही म्हटलं आणि तुम्ही नुसतं 'बरोबर आहे' म्हणालात, तर त्याच दिवशी बॅग उचलीन." बायकोने बॅग आधीच आत ओढायला सुरुवात केली होती.

दुपारी हेडफोनच्या लेखाखाली एक कमेंट आली. लेखातले तिन्ही कच्चे दुवे तिने उचलले होते, आणि शेवटी लिहिलं होतं: "ता. क. घरचा पासवर्ड बदला. सकाळी जिन्यापर्यंत ऐकू गेला असणार. कोपऱ्यातली खुर्ची."

शंकासुर हसला. मग एकदम गंभीर झाला, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा अँटेना आठवून. त्याने ताबडतोब पासवर्ड बदलला आणि टॅबमध्ये नवा घालायला सासूबाईंकडे गेला. त्याला बघताच त्यांनी सवयीने भिंतीकडे तोंड वळवलं.

"इकडे बघा, आई," तो म्हणाला. "तुम्हालाच टाकायचाय."